माळ्यावरचा ट्रक झाला ‘उलाळ’!

भिवंडीच्या बाईला ट्रकचं काय कौतुक सांगायचं? अंजूरफाट्यावर रस्ता ओलांडायचा तर आधी दहा ट्रकना वाट करून द्यायची. मानकोलीच्या बाजूला रिक्षात अडकलं की पुढच्या ट्रकच्या पाठीवरचे शेर वाचत बसायचं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, जिकडे पाहावं तिकडे गोदामं आणि गोदामांपुढे ट्रकच्या रांगा. यंत्रमागांचं हे गाव आता गोदामांचंही झालंय. आज एखादीने नाशिकला किंवा सोलापुरात बसून मुलासाठी ऑनलाईन खेळणं मागवलं, तर त्याचा खोका निघण्याआधी भिवंडीत मुक्काम करून आलेला असू शकतो.

पण मैत्रिणींनो, आजची गोष्ट या मोठ्या ट्रकची नाही. आपल्याच घरात, माळ्यावर, पितळी भांड्यांच्या पोत्यामागे पडलेल्या ट्रकची आहे. रिमोटचा ट्रक! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणाचा तरी मामा, काका सौदीहून नाहीतर दुबईहून येताना घेऊन आलेला. बहुधा निक्को नाहीतर तायो अशा जपानी नावाचा, जाडजूड काळ्या रबरी चाकांचा. चार दिवस घरभर धावला. मग सहा-सहा पेन्सिल सेल खातो म्हणून आईने कपाळाला हात लावला, एक दिवस रिमोटची लांबलचक अँटेना मोडली आणि ट्रक माळ्यावर गेला तो गेलाच. टाकवत नाही, कारण मामाची आठवण. चालत नाही, म्हणून उपयोग शून्य.

हा ट्रक पुन्हा चालवता येतो, एवढंच सांगायचं नाहीये. तो पुढची दोन्ही चाकं हवेत उचलून, मागच्या दोन चाकांवर धावू शकतो. पोरं मोटारसायकलवर करतात ती व्हीली. रस्त्यावर पाहिली की आपला जीव वर-खाली होतो, पण ट्रकच्या खेळण्याने गच्चीवर केली तर टाळ्याच पडतील. आणि यासाठी लागणारं बरंचसं सामान स्वयंपाकघरात आणि शिलाई मशीनच्या खणात आहे.

गंमत म्हणजे व्हीलीसाठी मराठीत जुना शब्द आहे. बैलगाडीत मागे जास्त ओझं पडलं की पुढची बाजू वर उचलते. जुनी माणसं म्हणायची, ‘गाडी उलाळ झाली’. बैलगाड्या गेल्या, पण कापडाच्या गाठी लादलेली हातगाडी आपण भिवंडीच्या गल्ल्यांतून रोज बघतो. गाठ जरा मागे सरकली की दांडा धरलेल्या माणसाचे पाय जमिनीवरून सुटायला येतात. बस, व्हीलीचं सगळं शास्त्र इथेच आलं. मोटार किती ताकदीची, हा प्रश्न नंतरचा. आधी वजन कुठे बसलंय ते बघायचं.

ही गोष्ट अमेरिकेत एका खऱ्या ट्रकने न ठरवता दाखवून दिली होती. १९६४ साली डॉज कंपनीच्या ए-१०० या छोट्या, चपट्या नाकाच्या पिकअप ट्रकमध्ये एक भलंमोठं रेसिंगचं इंजिन बसवलं गेलं. पुढे जागा नव्हती, म्हणून ते चालकाच्या केबिनमागे, सामानाच्या हौद्यात ठेवलं. हेतू होता शर्यतीत सुसाट पळायचा. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ट्रकचं तोंड सरळ आभाळाकडे! बिल गोल्डन नावाच्या चालकाने मग शर्यतीचा नाद कमी करून हा तमाशाच लोकांना दाखवायला सुरुवात केली. ‘लिटल रेड वॅगन’ म्हणून तो ट्रक प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिन मागे गेलं आणि गाडी उलाळ झाली.

खेळण्यात ही करामत आणली जपानच्या तामिया कंपनीने. शिझुओका गावची ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यात सुरू झाली, मग लाकडी मॉडेल, मग प्लॅस्टिकची. १९७६ साली त्यांनी रिमोटवर चालणारी पहिली मोटार काढली आणि १९८२ साली ‘वाइल्ड विली’ नावाची जीप. ही जीप लांबीला आखूड, अंगाने उंच. जोरात निघाली की पुढची चाकं वर. १९८७ साली त्यांनी एकाच सांगाड्यावर दोन गाड्या काढल्या. एक पिवळी धम्मक व्हॅन, नाव ‘लंच बॉक्स’, आणि दुसरा काळा ट्रक, नाव ‘मिडनाइट पम्पकिन’. मध्यरात्रीचा भोपळा! सिंड्रेलाची गोष्ट मुलांना सांगणाऱ्या आयांना हे नाव लगेच कळेल. दोन्ही गाड्या लोकांना इतक्या आवडल्या की २००५ साली कंपनीने त्या पुन्हा बाजारात आणल्या. मात्र हे हौशी लोकांचं महागडं काम आहे. त्यात २०२० साली परदेशी खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला आणि २०२३ साली ७० टक्के झाला. तेव्हा ‘लंच बॉक्स’ विकत घ्यायच्या भानगडीत न पडता, तिने शिकवलेला धडा आपल्या माळ्यावरच्या ट्रकला लावू या.

पहिल्यांदा ट्रक उलटा करून बघा. मोटार मागच्या चाकांजवळ आहे ना? मागची चाकं हाताने फिरवली तर आतून गिअर फिरल्याची खरखर येते का? मग काम होण्यासारखं आहे. मोटार फक्त पुढच्या चाकांना असेल तर नाद सोडा, त्याला नुसता स्वच्छ करून चालवा.

आता स्क्रू. इथे सगळ्यांचीच फजिती होते. काढताना दहा निघतात, लावताना चार उरतात. यावर उपाय इडलीपात्र! वरून काढायला सुरुवात करायची, पहिले निघालेले स्क्रू पहिल्या खळग्यात, नंतरचे दुसऱ्यात. लावताना उलट्या क्रमाने. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, विशेषतः कुठली रंगीत वायर कुठे जाते त्याचा. (इडलीपात्र नंतर घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर घरात वेगळाच तमाशा.)

सेलच्या खोबणीत पांढरी नाहीतर हिरवट-निळी पूड दिसेल. विसरलेले सेल गळले की असंच होतं. ती पूड हाताला लागू देऊ नका, रबरी हातमोजे घाला. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पत्र्या पुसा, मग ओल्या कापसाने, मग कोरड्याने. निम्मे ‘मेलेले’ ट्रक एवढ्यानेच जिवंत होतात, असं म्हटलं तरी चालेल, कारण दोष मोटारीत क्वचितच असतो. तो असतो गंजलेल्या पत्रीत नाहीतर सुटलेल्या वायरीत. वायर तुटली असेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून डाख देऊन घ्या, म्हणजे सोल्डरिंग. दोन मिनिटांचं काम आहे. अँटेना मोडली असेल तर तेवढ्याच लांबीची वायर जोडली तरी बरंच भागतं. हे जुने रिमोट बहुतेक २७ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यात एक मजा आहे. शेजारच्या बिल्डिंगमध्ये असाच दुसरा ट्रक असेल तर एका रिमोटवर दोन्ही ट्रक पळतात आणि भांडणं होतात!

गिअरमधलं ग्रीस इतक्या वर्षांत गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं असतं. प्लॅस्टिकची दातेरी चाकं काढून जुन्या टूथब्रशने भांडी घासायच्या साबणात धुवा आणि पूर्ण सुकवा. पेट्रोल नको, त्याने काही प्लॅस्टिक तडकतं, शिवाय घरात आगीची भीती. मोटारीच्या दांड्याला दोन्ही टोकांना शिलाई मशीनचं तेल, एकेकच थेंब. जास्त प्रेम केलं तर तेल आत जाऊन मोटार बसेल.

इतकं झालं की ट्रक चालायला लागतो. इथवर ही दुरुस्ती झाली, आता खरा खेळ सुरू होतो.

लाटणं घ्या. जमिनीवर आडवं ठेवा, घरंगळू नये म्हणून दोन्ही टोकांना कणकेचे गोळे दाबा. त्यावर ट्रक सेलसकट पोटावर ठेवा आणि पुढेमागे सरकवत तोल साधा. जिथे ट्रक तराजूसारखा स्थिर राहील तिथे खडूने खूण करा. हा त्याच्या वजनाचा मध्य. या खुणेपासून मागच्या चाकांच्या आसापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. मग ट्रक एका कुशीवर आडवा करा, लाटणं त्याच्या लांबीच्या दिशेने खाली घाला आणि असाच तोल साधा. वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे, ते यावरून कळतं.

समजा अंतर आलं १० सेंटिमीटर आणि उंची ८. म्हणजे अंतर उंचीपेक्षा जास्त. हा ट्रक कितीही मोठी मोटार लावली तरी सरळ रस्त्यावर उलाळ होणं कठीण, कारण तेवढा जोर जमिनीवर उतरण्याआधी चाकंच जागच्या जागी घसरतील. आता सेलची पेटी उचलून मागच्या आसाच्या वर किंवा थोडी मागे बांधली आणि अंतर ४ सेंटिमीटरवर आलं, तर? आधी पुढची चाकं उचलायला जेवढा झटका लागत होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी झटक्यात काम होईल. मोटार तीच, सेल तेच, फक्त जागा बदलली. एवढ्यावर भागलं नाही तर मागच्या बाजूला लोखंडी नट चिकटपट्टीने बांधून वजन वाढवा. पुढचा जड बंपर काढून ठेवा. पण नुसती नटांची थप्पी लावू नका. एकूण वजन वाढलं की बिचाऱ्या मोटारीला ट्रक हलवणंच जड होतं, मग झटका कुठून येणार?

पुष्कळजण उलटं करतात. पहिल्याच दिवशी जास्त ताकदीची मोटार आणतात, नाहीतर सहा सेलच्या जागी आठ जोडतात. माझं स्पष्ट मत, हे करू नका. खेळण्याच्या आतलं सर्किट मूळ मोटारीपुरतंच बनवलेलं असतं. मोठी मोटार जास्त करंट खेचते आणि ते सर्किट जळतं. जुन्या ट्रकचं सर्किट पुन्हा मिळत नाही. मामाची आठवण पाच सेकंदांच्या धुरात गेली, असं व्हायला नको. मोठी मोटार लावायचीच असेल तर रिसीव्हर, वेग नियंत्रित करणारं सर्किट आणि रिमोट हे सगळंच नवीन घ्यावं लागतं. ते पुढच्या पगाराचं काम! चाकांचंही तसंच. मोठी चाकं लावली की ट्रक उंच होतो, हा फायदा. पण जमिनीवर पडणारा जोर कमी होतो, हा तोटा. मऊ रबराची, जमीन घट्ट धरणारी चाकं सगळ्यात बरी.

एक शेपूट मात्र हवंच. तोल गेला तर ट्रक पाठीवर उताणा पडतो आणि केबिनची काच पहिल्याच दिवशी फुटते. म्हणून मागे दोन बारीक चाकांचा आधार लावतात. इंग्रजीत त्याला व्हीली बार म्हणतात. सायकलच्या दुकानातून दोन जुन्या स्पोक आणा, मोडक्या खेळण्यातली दोन छोटी चाकं घ्या. स्पोक पक्कडीने वाकवून सांगाड्याच्या मागे पक्क्या करा आणि टोकांना चाकं बसवा. हे शेपूट अगदी जमिनीलगत राहिलं तर पुढची चाकं उचलणारच नाहीत, फार उंच राहिलं तर ट्रक उताणा होईलच. सुरुवात खालून करा आणि रोज थोडं थोडं वाकवून वर न्या. यात घाई चालत नाही. पुरणाला चटका द्यावा तसं अंदाजाने, बघत बघत.

या सगळ्यात एक प्रश्न मनाला लागतो, तो खरा आहे. इतक्या वर्षांची वस्तू आहे, तिला हात लावावा का? जपून ठेवावी, तीच तिची किंमत, असं म्हणणारेही आहेत. खोक्यासकट, कागदपत्रांसकट, न उघडलेला जुना ट्रक तुमच्याकडे असेल तर मीही म्हणेन, राहू द्या. पण अँटेना मोडलेला, एक आरसा उडालेला, धुळीने माखलेला ट्रक जपून आपण नक्की काय जपतोय? मामाने तो खेळायला आणला होता. माझा नियम साधा आहे. जे परत होतं तसं करता येईल तेवढंच बदलायचं. सांगाड्याला भोकं पाडायची नाहीत, करवत लावायची नाही. बांधायचं, वाकवायचं, सरकवायचं. मूळ बंपर आणि उरलेले स्क्रू एका डबीत घालून त्यावर नाव लिहून ठेवायचं.

आणि आता दुसरा प्रश्न. हे करणार कोण? ‘हे येतील तेव्हा बघतील’, ‘भाऊजींना सांगते’, आपल्या तोंडी हेच पटकन येतं. भिवंडीत कांडी भरणाऱ्या बायका नुसत्या आवाजावरून सांगतात की यंत्र कुठे अडतंय. पण पाना हातात घेऊन ते उघडायचं काम जॉबरचं, म्हणजे पुरुषाचं. कान बाईचा आणि हात बाप्याचा, ही वाटणी कुणी केली देव जाणे. तीच वाटणी घरात खेळण्यांनाही लागते. बिघडलेल्या ट्रकभोवती मुलगा आणि बाबा बसतात. मुलगी चहाचे कप घेऊन येते.

खऱ्या ट्रकच्या कारखान्यातही ही वाटणी छापील होती. १९७४ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इंजिनिअरच्या नोकरीची जाहिरात दिली, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मुलींनी अर्ज करू नये. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी हे वाचून चिडल्या आणि त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या तिथे पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून लागल्या. त्याच आज आपल्याला माहीत असलेल्या सुधा मूर्ती.

योगायोग बघा, त्याच पुण्याच्या टेल्कोत अरविंद गुप्ता नावाचा एक तरुण इंजिनिअर नोकरीला होता. १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेला. मध्य प्रदेशात होशंगाबादला गावातल्या शाळांमधून विज्ञान शिकवण्याचा प्रयोग चालला होता. १९७८ साली नोकरीतून रजा काढून तो तिकडे गेला. तिथे काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्याने मुलांसाठी खेळणी बनवली आणि पुढे तोच त्याचा जन्माचा उद्योग झाला. पुण्याच्या ‘आयुका’मधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रक बनवण्याच्या कारखान्यातून निघालेला माणूस टाकाऊतून खेळणी बनवायला बसला आणि देशभरातल्या मुलांना त्याने खेळणं मोडून बघायची मुभा दिली.

गुप्तांनी लोकप्रिय केलेली एक मोटार तर ट्रक उघडण्याआधी जरूर करून बघा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक छोटं लोहचुंबक, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि सगळं धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी. वेटोळ्याच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं फक्त एका बाजूने. पिनांच्या भोकात वेटोळं ठेवून बोटाने हलकं ढकललं की ते गरागरा फिरायला लागतं. मुलीच्या हातांनी करू द्या. एकदा तिने तार खरवडून मोटार फिरवली की ट्रकच्या पोटातल्या डबीची तिला भीती राहत नाही. फिरवून झालं की सेल लगेच काढा, तार तापते.

आता चालवायचं कुठे? घरातली फरशी गुळगुळीत, चाकं घसरतात, व्हीली होत नाही. सिमेंटचं अंगण नाहीतर गच्ची उत्तम. ट्रक थांबलेला असताना एकदम पूर्ण जोर द्यायचा. तरीही उचलला नाही तर आधी जरा मागे घ्यायचा आणि तो मागे जात असतानाच झटकन पुढचा जोर द्यायचा, हमखास उचलतो. पण हे वारंवार नको, प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झडतात. आणि पुढची चाकं हवेत गेली की ट्रकला वळवता येत नाही, हे लक्षात असू द्या. वळणारी चाकं पुढचीच ना! अमेरिकेतल्या त्या खऱ्या व्हीली करणाऱ्या गाड्यांमध्ये म्हणूनच पुढे मागच्या दोन चाकांना वेगवेगळे ब्रेक द्यायची पद्धत आली. डावा दाबला की गाडी डावीकडे. आपल्या ट्रकला ती सोय नाही, तेव्हा त्याच्या समोर कुंड्या, वाळत घातलेले पापड आणि धाकटी भावंडं नकोत. गच्चीला पुरेसा कठडा नसेल तर गच्चीवर जाऊच नका, ट्रकच्या मागे धावणारं मूल खाली बघत नाही.

शेवटी सेलचं. जुन्या ट्रकसोबत आलेली चार्ज होणारी बॅटरी बहुधा निकेल-कॅडमियमची असते. कॅडमियम विषारी आहे. ती फोडू नका, चुलीत टाकू नका, ओल्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. तिच्या जागी पेन्सिल सेलच्याच आकाराचे निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल मिळतात. साधा सेल दीड व्होल्टचा, हे सव्वा व्होल्टलाही किंचित कमी, पण झटका द्यायला हेच जास्त दमदार. एकदा घेतले की शेकडो वेळा चार्ज होतात, म्हणजे सेल खातो ही आईची जुनी तक्रारही मिटते. लिथियमची बॅटरी मात्र ओळखीच्या जाणकाराशिवाय लावू नका. ती फुगली, आपटली किंवा भलत्याच चार्जरला लावली तर पेट घेते. कुठलीही बॅटरी गादीवर ठेवून नाही, रात्री झोपताना लावून नाही, तर समोर, फरशीवर, आपण जाग्या असताना चार्ज करायची. दुपारची भांडी आवरेपर्यंत अर्धी तरी होतेच.